जुनी गाडी खाली घेण्याआधी

आपल्या नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मुळात ती ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाची ऐटबाज मोटार. पहिल्या महायुद्धात तिच्या सांगाड्यावर पोलादी कवच आणि फिरता बुरूज चढवला गेला. तेवढं ओझं घेताना कारागिरांनी गाडीचं सस्पेन्शन भक्कम केलं, मागे जोडचाकं घातली. वजन बदललं म्हणून खालची सगळी रचना बदलली. मोटारीची कमान असो की स्प्रिंग, तिच्यामागे असा हिशेब असतो.

हे सांगायचं कारण म्हणजे जुन्या मोटारी जपणाऱ्या तरुणांमध्ये दिसणारी गाडी ‘खाली घेण्याची’ हौस. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट मिटली पाहिजे, गाडी रस्त्याला टेकल्यासारखी दिसली पाहिजे. दिसते छान, ते मी नाकारत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना मोटारीचं काम शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे अशी मंडळी सल्ल्याला येतात. मध्यंतरी सावेडीचा एक मुलगा आला. घरात आजोबांची फियाट अकराशे. म्हणाला, “काका, तीन इंच खाली घ्यायचीय. एक जण पुढच्या स्प्रिंगचे दोन वेढे गॅसनं कापून देतो म्हणतोय. अर्ध्या तासाचं काम.”

मी म्हटलं, “आधी टेप आण.”

चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मापं घेतली. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली निघाली. आजोबा वर्षानुवर्षं बहुधा एकटेच गाडी चालवत आलेले, तेव्हा त्या बाजूची स्प्रिंग जास्त बसली. म्हणजे गाडी आधीच खाली आली होती, फक्त वाकडी आली होती! अशा गाडीला आणखी खाली न्यायच्या आधी सरळ उभी करावी लागते. हे मोजमाप न करता गॅस पेटवणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅसनं कापण्यात दोन गोष्टी घडतात. एक तर तापल्यामुळे पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि तिथे स्प्रिंग पुढे बसते किंवा तुटते. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. काम करणाऱ्या आठ वेढ्यांतले दोन गेले, तर कडकपणा एक तृतीयांशानं वाढतो. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशेबाचाच राहतो. शिवाय चाकाला वर उचलायला जागाही उरत नाही. समजा, रबरी ठोकळ्यावर आदळण्याआधी चाक आठ सेंटीमीटर वर जात होतं. गाडी पाच सेंटीमीटर खाली घेतली की उरले तीन. मग प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याला आणि बसणाऱ्याच्या मणक्याला कळतो.

आणि आपले रस्ते! गळिताच्या हंगामात राहुरी-श्रीरामपूरकडे उसाच्या गाड्यांमागून जाऊन पाहा. गतिरोधकांचंच घ्या. शास्त्रशुद्ध गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अंतर २.३४ मीटर. चारही चाकं त्या उंचवट्यावर असताना गाडीच्या पोटाखालची जागा फक्त चार सेंटीमीटरनं कमी होते. पण गल्लीतल्या मंडळींनी रातोरात डांबर ओतून केलेला, वीतभर रुंदीचा उंचवटा चाकांच्या मध्ये सापडला, तर पूर्ण दहा सेंटीमीटर जागा खातो. आधी सायलेन्सर घासतो. ऑइलची टाकी फुटली, तर त्या दिवशी इंजिनही जातं.

ज्यांनी ही हौस जगाला शिकवली, त्यांनाही ही अडचण आलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले मेक्सिकन वंशाचे तरुण डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या खाली आणत. सपाट, रुंद रस्त्यांवरून सावकाश मिरवायचं, एवढाच बेत. १९५८ मध्ये तिथे कायदा आला, की चाकाच्या रिमपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नको. तेव्हा १९५९ मध्ये रॉन अगिरे यानं आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, ते गेले की खाली. ते बंधन २०२४ पासून उठलं.

आपल्याकडे वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकानं करू नये. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्याचे नियम आले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. खाली घेण्यासाठी सांगाड्याला कट मारला, वेल्डिंग केलं, की हा दरवाजा बंद.

तरीही हौस असेल, तर मूळ स्प्रिंगांना हात लावू नका. योग्य कडकपणाच्या आखूड स्प्रिंगा नव्यानं वळवून घ्या आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर बसवा. मागे पाटे असतील, तर जुन्या बाजारातून दुसरा जोड आणून त्याचीच कमान पाटेवाल्याकडून उतरवा. एका इंचावर थांबा. पेट्रोल भरून, चार धट्टीकट्टी माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का पाहा. मग अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतल्या बाजूनं खाल्ले जातील. काढलेल्या मूळ स्प्रिंगांना ग्रीस लावा, गोणपाटात गुंडाळा आणि डावी-उजवी अशी चिठ्ठी तारेनं बांधून माळ्यावर ठेवा.