भूमी वाचायला शिकू या



आम्हांस येथे बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मंडळाचे आम्ही ऋणी आहोत. विषय विद्यार्थ्यांच्या कामाचा आहे; परंतु मुलामुलींनी काय शिकावे हे बहुधा घरीच ठरते, म्हणून वडीलधाऱ्यांनीही तो ऐकावा, ही विनंती.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण असेच गाडले गेले. तेथे दीडशेहून अधिक माणसे दगावली. इर्शाळवाडीच्या दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले की, ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. मित्रांनो, अशी यादी कोण करतो? डोंगराचा उतार, खडक, माती, ओढे आणि पाऊस यांची सांगड घालता येणारी माणसे करतात. अशी माणसे आपल्या मुलामुलींतून घडावीत, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

सुदूर संवेदन म्हणजे वस्तूला स्पर्श न करता दुरून तिची माहिती मिळविणे. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठविते. पाणी हे किरण शोषून घेते. उपग्रह हा फरक टिपतो. म्हणून त्याच्या चित्रात झाडी लाल रंगाने दाखविता येते आणि तलाव काळा दिसतो. आपल्या देशाने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा पहिला कार्यकारी (प्रायोगिक नसलेला) सुदूर संवेदन उपग्रह सोडला. त्याच्या चित्रातील लहानात लहान ठिपका सुमारे ३६ मीटरांचा होता. आज सेंटिनेल-२ ची १० मीटरांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात.

ही चित्रे, उंचीची आकडेवारी, रस्ते, विहिरी, वस्त्या यांचे थर एकावर एक ठेवून प्रश्नाचे उत्तर शोधणे, हे भूमाहितीशास्त्राचे काम. तीव्र उताराखाली कोणती घरे आहेत? वरची झाडी गेल्या काही वर्षांत कमी झाली काय? ओढा कोठून वळला? दरड कोणत्या रात्री कोसळेल हे उपग्रह सांगत नाही. पण आधी कोठे जाऊन पाहावे, हे तो दाखवितो.

जाऊन पाहण्याला मात्र पर्याय नाही. आमची स्वतःचीच चूक सांगतो. शिकत असताना एका चित्रातील काळा डाग आम्ही तलाव म्हणून रंगविला. प्रत्यक्ष गेलो तर तेथे पाण्याचा थेंब नव्हता. ती कड्याची सावली होती! तेव्हापासून पडद्यावर दिसलेले पायांनी तपासल्याशिवाय आम्ही नकाशावर सही करीत नाही.

विद्यार्थ्यांनो, पैशांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून खुले आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हे शिक्षण देत आहे व ऑनलाइन वर्गही घेते. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. मात्र भूगोल, भूविज्ञान आणि गणित यांचा पाया पक्का करा. नुसती बटणे दाबता आली म्हणजे शास्त्र आले, असे नाही.

सुरुवात आपल्याच गावापासून करा. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्यानंतरचे अशी दोन चित्रे घ्या. तलाव, ओढे, उतार व घरे रेखाटा आणि कागद घेऊन गावात फिरा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी पाणी कोठून येई, माती कोठे सरकली होती. त्यांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही उपग्रहाला ठाऊक नाही. तो नकाशा ग्रामपंचायतीत नेऊन दाखवा. शंका असलेली जागा तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची मागणी करा.

पुढच्या यादीत एकही वाडी सुटू नये. ती यादी तपासणाऱ्यांत या सभागृहातील कोणी असावे, ही इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवितो.