वसईची वाडी व तिचे गोडे पाणी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



ज्या शेतकऱ्यांच्या घामावर हे मंदिर उभे राहिले, त्यांच्या भूमीविषयीच आज बोलावे असे आम्ही योजिले आहे.

वसई तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. तिन्ही अंगांस खारे पाणी असूनही मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी असाव्यात, हेच या भूमीचे नवल होय. पावसाचे पाणी रेताड मातीत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्या माथ्यावर टिकून राहते. ते बेताने उपसले तर पुरते. हावेने उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते. आपल्या पूर्वजांनी हे शास्त्र पोथीत वाचले नव्हते. परंतु बैलाचा रहाट जेवढे पाणी देई तेवढ्यावरच ते वाडी शिंपीत, आणि गावोगावची बावखले पावसाचे पाणी साठवून विहिरींस पोशीत.

या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला व फुले पिकली. राजेळी केळी सुकवून केलेल्या सुकेळ्यांनी आगाशीचे नाव दूरवर नेले. खाचरांत भात, खाजणांत मीठ आणि अर्नाळा व पाचूबंदर येथे कोळीबांधवांची मासेमारी, असा हा संसार. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, आदिवासी असे नाना समाज येथे नांदत आले. सन १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. राज्ये पालटली, कित्येकांचा धर्म पालटला, परंतु बोली आणि वाडी सुटली नाही. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली व वाडीचा माल शहराच्या दारी पोहोचणे सुलभ झाले.

परंतु त्याच वाटेने पुढे शहरही आपल्या दारी आले. विहिरींवर विजेचे पंप बसले, टँकर भरू लागले, बावखले बुजली. याचा सगळा दोष परक्यांवर ढकलणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पंप आम्हीच बसविले, पाणी आम्हीच विकले आणि जमिनीच्या खरेदीखतांवर सह्याही आमच्याच आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, तो या झोपेतून जागे करण्यासाठीच होता. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला, आणि २०२४ मध्ये फादर आपल्यातून गेले. आता जागे राहण्याचे काम आपले आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच की, आपल्या गावी एखादे बावखल उरले असेल तर त्याचा गाळ काढा. छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत सोडा. आणि मुले कचेरीत नोकरीस गेली तरी सुटीच्या दिवशी त्यांच्या हाती एकदा तरी कुदळ द्या. वाडीशी ज्याचा हात लागला नाही, त्याला ती विकताना दुःख कसे व्हावे?

पन्नास वर्षांपूर्वीच्या वडिलांनी आपल्याला मंदिर दिले व गोडे पाणीही दिले. शताब्दीच्या दिवशी आपली नातवंडे येथे जमतील, तेव्हा त्यांच्या विहिरीचे पाणी तोंडात घालण्याजोगे असो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.