नगराची वेस आणि घरातील वाटे



कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून आम्ही येथे उभे आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. पिंपरी-चिंचवड परिसरात आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांच्या जमिनी होत्या. त्या नगराच्या पोटात गेल्या, त्यासंबंधी जे पाहिले आणि जे केले, तेवढेच सांगणार आहोत.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि या भागात औद्योगिक वसाहत आकारास आली. कारखान्यांमागून कामगार आले. त्यांना पाणी, रस्ते, घरे पुरविणे ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली. १९७२ साली वसाहतींच्या उभारणीसाठी नवनगर विकास प्राधिकरण आले. १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मालावरील जकातीने ती संपन्न झाली. पुढे १९९७ साली चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली, रावेत, किवळे इत्यादी गावेही तिच्या हद्दीत आली.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. भूसंपादनाने जमिनीची मालकी जाते. हद्दवाढीने मालकी जात नाही. परंतु जमिनीचे मोल आणि तिला लागू होणारे नियम पालटतात. विकास आराखड्यात एका शेतावर रस्त्याचे वा उद्यानाचे आरक्षण पडते, बांधापलीकडील शेत मोकळे राहते. काल दोन्ही शेतांत सारखीच ज्वारी उभी होती. आज एक भाऊ धनवान, तर दुसरा कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत असतो.

नगराने आपणांस काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आपली मुले कारखान्यांत कायम झाली, घरात नळ आला, मुली महाविद्यालयात जाऊ लागल्या. मोबदल्याच्या रकमेतून काहींनी मुलांना शिकविले, काहींनी ती लग्नांच्या मांडवांत आणि फटफट्यांत उडविली. हा दोष सरकारचा नव्हे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे गाव हद्दीत येणार हे निश्चित झाले, तेव्हा वडील हयात नव्हते आणि सातबाऱ्यावर आम्हां भावांबरोबर आमच्या थोरल्या बहिणीचेही नाव होते. आम्ही तिला बोलावून घेतले, पुरणपोळीचे जेवण केले, लुगडे नेसविले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. त्या पत्राचा मसुदा आमच्याच हस्ताक्षरात होता. वर्गात मुलांना सत्य बोलण्याचे धडे देणाऱ्या आम्ही जमिनीचा भाव वाढणार हे तिला सांगितले नाही. “माहेर राहू दे म्हणजे झाले,” एवढेच ती बोलली. त्यानंतर अनेक वर्षे ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली, आणि आमच्या जागेवर इमारत उभी राहिली.

नगराने आमची वेस ओलांडली, याचे दुःख आम्ही चारचौघांत पुष्कळ सांगितले. बहिणीची वेस आम्ही ओलांडली, हे मात्र कधी सांगितले नाही. गेल्या वर्षी आमच्या वाट्याच्या जागेतून तिचा हिस्सा नोंदणीकृत बक्षीसपत्राने तिच्या नावे करून दिला. ती रडली. आम्हांसही उपदेश करण्याचा अधिकार थोडासा परत मिळाला, असे वाटते.

म्हणून विनंती इतकीच. आपल्या जमिनीचे सातबारे आणि फेरफार आजच पाहून घ्यावेत. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की मुदतीच्या आत हरकत लेखी द्यावी, आणि पोच जपून ठेवावी. कोऱ्या कागदावर सही करू नये, कोणाची घेऊही नये. २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येस पुत्राइतकाच हक्क दिला आहे. तो लुगड्याच्या घडीत झाकून टाकू नये. आपल्या संस्थेने संमेलनाच्या दिवशी कागदपत्रे वाचून दाखविणारी दोन जाणती माणसे बसवावीत, अशी सूचनाही आम्ही करतो. त्या कामी आमचे जुने डोळे उपयोगी पडतील, तेवढे पडोत.

नगराची हद्द आखणे आपल्या हाती नाही. घरातील वाटे न्यायाने करणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.