मधमाश्यांचा वाटा

(राणीसावरगाव येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेब, मंडळीतील वडीलधारे आणि दुरून आलेले बंधुभगिनींनो, मघाशी वस्तीवरच्या मुलींनी तुम्हांला करडईवरचा मध चाखायला दिला. तो तुम्हांला आवडला, याचा आनंद आहे. पण मला आज ज्या महिन्यांत मध नसतो, त्या महिन्यांबद्दल बोलायचे आहे.

तुमच्या देणगीतून आपण पाच पारधी कुटुंबांना मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या दहा पेट्या दिल्या. पहिल्या हंगामात करडई फुलली, पोळी भरली, आपण मध काढला आणि फोटो या पत्रिकेत छापले. पुढच्या ऑगस्टअखेर दहापैकी सहा पेट्या रिकाम्या झाल्या. ते मात्र आपण छापले नाही. आज सांगते, कारण चूक माझी होती.

मध काढताना वस्तीवरची एक आजी म्हणाली होती, "ताई, समदाच काढला तर झडीत त्यांनी काय खावं?" मी म्हणाले, "आजी, पावसाळ्यात रान हिरवंगार असतं." रान हिरवे झालेही, पण हिरवळ म्हणजे फुलोरा नव्हे. झड लागली की माशी बाहेर पडत नाही, आणि पडली तरी त्या दिवसांत मकरंद तुटपुंजा. साठा आम्ही आधीच नेलेला. वसाहत दुबळी झाली, रिकाम्या पोळ्यांत मेण खाणारी पतंगाची अळी शिरली. मी सगळ्यांना "रोग आला" असे सांगत होते. खरे तर आधी भूक आली होती.

महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आहे. तिथले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' झाले. मांघरभोवती सह्याद्रीचे जंगल आहे. आपण बालाघाटाच्या कोरड्या माळावर आहोत. इथे माश्या जगवायच्या तर इथलेच ऋतू ओळखावे लागतात. आम्ही आता काय करतो, ते थोडक्यात सांगते.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी उकळून त्यात तेवढ्याच वजनाची साखर विरघळवतो आणि पाक गार करून पेटीच्या आत ठेवतो. त्यात काड्या टाकतो, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक संध्याकाळीच द्यायचा आणि बाहेर सांडू द्यायचा नाही, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लूट करतात. गूळ देत नाही, त्याने माश्यांचे पोट बिघडते. बाजारातला मधही देत नाही, त्यातून रोग येऊ शकतो. रिकामी पोळी काढून जागा आवळतो, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतो, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

साखरेने पोट भरते, पण पिल्ले वाढवायला पराग लागतो. म्हणून बांधावर शेवगा आणि बोर राखतो, परसात तीळ आणि कारळ पेरतो.

थंडीत तूर, मग करडई. इथे एक हिशेब ध्यानात घ्या. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला २१ दिवस लागतात. त्यानंतरचे सुमारे तीन आठवडे ती बहुतेक पेटीतलीच कामे करते, मग फुलांवर जाते. म्हणजे जानेवारीत करडई फुलते तेव्हा काम करणारी माशी नोव्हेंबरअखेर अंड्यात असते. त्या वेळी वसाहत उपाशी असेल, तर फुले येतात आणि वेचायला कोणी नसते. फवारणी करायचीच असेल, तर माश्या घरी परतल्यावर सायंकाळी करा, अशी विनंती शेजारच्या शेतकऱ्यांना आम्ही घरोघरी जाऊन केली. बहुतेकांनी ऐकले.

उन्हाळ्यात पेट्या कडुनिंबाच्या सावलीत हलवतो, वर ओले गोणपाट टाकतो आणि जवळ खडे घातलेले पाण्याचे पसरट भांडे ठेवतो. पिल्लांच्या जागी ३४-३५ अंश उष्णता राखायला माश्या पाणी आणतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी दूर असले, तर त्यांचा जीव त्यातच जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आता आम्ही खालच्या खणातल्या, पिल्लांच्या पोळ्यांना हात लावत नाही. तिथला मध माश्यांचा. फक्त वरच्या खणातला काढतो, तोही सगळा नाही.

ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना मी लेवीय पुस्तकाचा अभ्यास केला होता. पीक कापताना शेताच्या कडा सोडाव्यात, त्या गरिबांच्या आणि परक्यांच्या, अशी आज्ञा त्यात आहे. परीक्षेत मी त्यावर चांगले लिहिले होते. पण वस्तीवर मी पोळ्याची कडाही सोडली नाही. शाळेत न गेलेल्या आजीला जे कळले, ते मला सहा पेट्या गमावल्यावर कळले.

उरलेल्या चार पेट्यांच्या, विभागणी करून, आता सात झाल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात सातही तगल्या. मध पहिल्या वर्षापेक्षा कमी निघाला, पण त्याच माश्यांकडून पुन्हा निघाला.

म्हणून माझी विनंती ऐका. या वर्षी नव्या पेट्यांसाठी देणगी देऊ नका. पेटीवर देणगीदाराचे नाव रंगवता येते, पावसाळ्यातल्या साखरेवर येत नाही, हे मी जाणते. तरीही आहेत त्या सात पेट्यांचा पावसाळा तुम्ही उचला, आणि या वेळी मधाची बाटली थोडी लहान मिळाली तर रागावू नका. आपण मुलांना वसतिगृहात दाखल करतो आणि सुट्टीत ती काय खातात हे विचारायचे विसरतो. तेही याच निमित्ताने आठवू या.

आजी तिथे मागच्या रांगेत बसली आहे. चहाच्या वेळी तिच्याशी जरूर बोला.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.