दीर्घिकांची मिळकत



निजामिया वेधशाळा हैदराबादच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. 1901 साली नवाब जफर जंग यांनी तिचा पाया घातला, पुढे ती बेगमपेटला आली. जागतिक तारा-नकाशातला दक्षिणेकडचा एक पट्टा तिच्या वाट्याला आला आणि लाखो ताऱ्यांच्या जागा तिथे मोजल्या गेल्या. तारा कुठे आहे, हा तेव्हाचा प्रश्न. दूरची दीर्घिका कशाची बनली आहे, हा आजचा.

उत्तर वर्णपटात मिळतं. तापलेल्या वायूतला ऑक्सिजन दोन ठळक हिरव्या रेषा दाखवतो आणि जांभळ्या भागात, 4363 अँगस्ट्रॉमवर, एक अगदी फिकी रेषा. ऑक्सिजन वायूला थंड करतो. तो कमी असला की वायू अधिक तापलेला राहतो आणि ही फिकी रेषा ठळक होते. रेषांच्या प्रमाणावरून तापमान कळतं, तापमानावरून ऑक्सिजनचा हिशेब लागतो.

असे हिशेब जुळवल्यावर नियम दिसला: दीर्घिका जितकी जड, तितकी ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्यं तिच्यात जास्त. 2004 साली स्लोन सर्वेक्षणातल्या सुमारे 53 हजार दीर्घिकांवरून तो पक्का झाला. आपल्या शेजारच्या मोठा मॅगेलनी मेघ या दीर्घिकेत जड मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या साधारण निम्मं, त्याहून हलक्या लहान मेघात पाचव्या हिश्श्याएवढं.

असं का? ऑक्सिजन मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार होतो आणि त्यांच्या स्फोटातून बाहेर पडतो. मोठ्या दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवतं. लहानीची मिळकत तिच्या हाती टिकत नाही, स्फोटांचा झोत ती बाहेर घेऊन जातो. शिवाय तिच्याजवळ कोरा हायड्रोजन पुष्कळ शिल्लक असतो आणि त्यात उरलासुरला ऑक्सिजनही विरळ होतो. हा हायड्रोजन मोजण्यात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण पुढे आहे. तिच्या वेधांतून 800 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजल्याचं 2020 साली जाहीर झालं.

2022 साली जेम्स वेब दुर्बिणीने एका छोट्या दीर्घिकेतून 1310 कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशात तीच 4363ची रेषा टिपली. त्या दीर्घिकेत ऑक्सिजन फारच थोडा निघाला. वजन सारखं असलं तरी त्या काळातली दीर्घिका आजच्या दीर्घिकेपेक्षा गरीब असते, हे त्यानंतरच्या वेधांनीही दाखवलं.

वेबचे बरेचसे वर्णपट आज सर्वांना मोफत खुले आहेत. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ते उघडावेत, या रेषा स्वतः मोजाव्यात. पदवीचं गणित त्याला पुरतं.