रूळ उखडल्यावर

आगगाडी बंद पडली म्हणजे रूळ उखडून विकले जातात आणि मागें उरते ती खडीची लांबच लांब पट्टी. तिचें खरें मोल तिच्या अखंडपणांत असतें, हें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यानें वेळींच ओळखलें. एलरॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा सोडून दिलेला लोहमार्ग राज्यानें १९६५ मध्यें विकत घेतला आणि पुढें दोन वर्षांनीं पायीं जाणारांस व सायकलस्वारांस खुला केला. चढ अगदीं सौम्य. इंजिनाला तरी उभा चढ कोठें सोसतो? वाटेंत तीन बोगदे लागतात, त्यांपैकीं एक पाऊण मैलाचा. आंत मिट्ट काळोख. सायकलवरून उतरून, दिवा घेऊन, चालतच जावें लागतें.

जमीन एकदांच घ्यावयाची. पण वाटेवरील चुनखडीचा चुरा, पूल, मोऱ्या यांची डागडुजी दरवर्षींची. त्यासाठीं सोळा वर्षांच्या व त्यावरील सायकलस्वारास पास घ्यावा लागतो; पादचाऱ्यास कांहीं पडत नाहीं. चाकांनीं वाट अधिक झिजते, तेव्हां हा भेद न्याय्यच.

इतरत्र अशा पट्ट्या तुकड्यातुकड्यांनीं विकल्या जाऊं लागल्या, आणि तुटलेली पट्टी पुन्हां सांधणें जवळजवळ अशक्य. म्हणून १९८३ मध्यें संघराज्याचा कायदा झाला: पुढेंमागें गाडी धांवण्याची सोय राखून तोंपर्यंत तेथें वाट करावी. शेजारचे जमीनमालक बिथरले. गाडी गेली, तेव्हां जमीन आपली, हा त्यांचा दावा कांहीं पोकळ नव्हता. १९९० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कायदा वैध ठरविला, परंतु भरपाई मागण्याचा त्यांचा मार्ग मोकळा ठेवला. आणि पुढें कित्येकांना ती सरकारी तिजोरींतून मिळालीही.