गोळी सुरू झाल्यानंतर

श्रोतेहो, नैराश्यावरची गोळी तापाच्या गोळीसारखी नव्हे. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मळमळ, कोरडं तोंड मात्र आधीच सुरू होतं. मग पुडी कोनाड्यात पडते!

अमेरिकेत सिॲटलच्या दवाखान्यांतील ६१३ रोग्यांवरचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना नुसता अहवाल पाठवून विशेष फरक पडला नाही. ज्यांना फोनवरून विचारलं, ‘गोळी घेता ना? त्रास काय होतो?’ आणि डॉक्टरांना कळवलं, ते अधिक सुधारले.

आपल्याकडे टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, फुकट आहे. पण खचलेला माणूस स्वतः फोन लावील, ही अपेक्षाच जरा जादा. गुरुजी, तो तुम्ही लावून द्या. गोळी परस्पर बंद केली का, हे आठवड्यानं पुन्हा विचारा.